पडलेल्या अंजिरांचं काय करायचं

जानराव तायडे यांना किळस फार होती आणि नोकरी नेमकी किळस येईल अशीच मिळाली. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते एकतीस वर्षं परिचर होते. मी त्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसायचो. जखमा धुणं, पू काढणं, पट्ट्या बदलणं ही कामं कागदावर दुसऱ्या कुणाची होती, पण यायची ती जानरावांकडेच. महिनोन्महिने पायाला फडकं गुंडाळून हिंडलेला एखादा म्हातारा यायचा. फडकं सोडलं की आत अळ्या वळवळत असायच्या. जानराव टर्पेंटाइन ओतून चिमट्यानं एकेक अळी वेचायचे आणि म्हाताऱ्याशी बोलत राहायचे, "बाबा, पोरं किती तुमाले? यंदा कापूस कसा हाये?" चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. म्हातारा निघून गेला की ते मागच्या नळावर जाऊन ओकायचे. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तोंड धुऊन खिडकीशी यायचे आणि हळूच म्हणायचे, "साहेब, इलायची असन त द्या एखादी."

भात त्यांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच सोडला. पांढरं, लांबट, मऊ, म्हणायचे, नाही जमत. त्यांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, तेव्हापासून घरात भात शिजवला नाही.

निवृत्त झाले त्या दिवशी हार-नारळ घेऊन खाली उतरताना ते मला म्हणाले, "अविनाशभाऊ, आता जे करीन ते साफ काम करीन. हात लावला त घान वाटू नये असं." एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला साहेबच्या जागी भाऊ म्हटलं. माझीही निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

रोहिणखेडच्या शिवारात त्यांची वीस गुंठे वडिलोपार्जित जमीन होती. विहीर बरी होती. त्यांनी तिथं अंजीर लावलं. हे वेड त्यांच्या डोक्यात फार आधी शिरलेलं. दवाखान्यात सासवडकडच्या एक सिस्टर होत्या, त्या सुट्टीवरून येताना एकदा ताज्या अंजिरांची टोपली घेऊन आल्या. आमच्याकडे अंजीर म्हणजे सुकलेलं, दोऱ्यात ओवलेलं. जानरावांनी ते ताजं फळ हातात घेतलं, दाबलं, वास घेतला, मधोमध उघडलं आणि कितीतरी वेळ नुसतं पाहत राहिले. "फळ नाई हे," म्हणाले, "आतून फुललेलं फूल हाये." त्याच सिस्टरांच्या भावानं नंतर सत्तर कलमं पाठवून दिली.

बांधाला बांध लागून उत्तमरावांचं शेत होतं. उत्तमराव मोठे शेतकरी, कापूस-सोयाबीनवाले, गावात शब्दाला वजन. ते बांधावर उभे राहून म्हणाले, "जानराव, अंजीर पुन्याकडचं. इकडं उन्हात भाजन, थंडीत करपन. कायले हात पोळून घेता?"

"पाहू," जानराव म्हणाले. "च्या घेता का?"

"आत्ताच घेतला," उत्तमराव म्हणाले. जानरावांच्या घरचा चहा समोर आला की उत्तमरावांनी तो नेहमी आत्ताच घेतलेला असायचा. त्यांच्या वडिलांनीही आत्ताच घेतलेला असायचा.

थंडीबद्दल मात्र उत्तमराव बरोबर निघाले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये छाटणी केली, कोवळे फुटवे जोमानं आले आणि जानेवारीत तीन दिवस असा गारठा पडला की विहिरीवरचा पाइप हातात धरवेना. तिसऱ्या सकाळी मी गेलो तेव्हा पानं उकडलेल्या पालकासारखी काळी-हिरवी होऊन लोंबत होती. हात लावला की बोटाला चिकटायची. ऊन चढलं तशी ती सडायला लागली आणि सगळ्या वीस गुंठ्यांत डबक्यासारखा वास भरला. जानराव नाकाला रुमाल बांधून एकेक पान खुडत होते. मी मदतीला हात घातला आणि लगेच काढून घेतला. ते म्हणाले, "राहू द्या भाऊ. मले सवय हाये."

पुढच्या हिवाळ्याला ते तयारीत होते. त्यांची मुलगी मंजुश्री चिखलीला शाळेत शिक्षिका. तिनं तिथल्या धान्यबाजारातून रिकामी पोती जमवून बसमधून पाठवली. जानरावांनी प्रत्येक खोडाला पोतं गुंडाळून सुतळीनं बांधलं, बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, अंथरलं, गारठ्याचा अंदाज आला की संध्याकाळी हलकं पाणी द्यायचं आणि पहाटे चार कोपऱ्यांत ओल्या पाल्याचा धूर करायचा. छाटणीही थोडी आधी घेतली, म्हणजे थंडी येईपर्यंत फुटवा जून व्हावा. झाडं वाचली. एका पहाटे उत्तमरावांचा मुलगा गोकुळ मोटारसायकल थांबवून बांधावर आला आणि त्यानं मोबाइलवर फोटो काढले. पोती नेसलेली सत्तर झाडं, त्यांच्यातून सरकणारा धूर आणि मध्ये दवाखान्यातले रबरी हातमोजे घातलेले जानराव. "काका, लय भारी दिसून राह्यलं," तो म्हणाला. गोकुळ पुण्याला शिकून आलेला. बोलणं गोड, वाकून नमस्कार करायची सवय. गावात परत येऊन काहीतरी प्रक्रिया उद्योग काढणार म्हणत होता.

थंडी एकदाची आवरली, पण किडी काही आवरेनात. साफ काम म्हणून लावलेल्या झाडानं जानरावांना परत त्याच नळावर नेऊन उभं केलं.

आधी खोडात पोखरणारी अळी आली. खोडाला बारीक भोक दिसायचं, त्यातून ओल्या भुशासारखी घाण बाहेर पडायची. तार घालून खेचावं लागे. पहिली अळी निघाली ती बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, तोंडाशी तपकिरी. तारेला अडकून ती वळवळायला लागली तसे जानराव तार टाकून विहिरीकडे पळाले. तोंड पुसत परत आले, तार उचलली आणि पुढचं भोक शोधलं. भोकात रॉकेलचा बोळा, वर चिखलाचा लिंपा. पावसाळ्याआधी मोरचूद-चुन्याची पेस्ट खोडांना फासली. फांद्यांवर पिठ्या ढेकूण यायचा, कापसासारखा पांढरा आणि चिरडला की चिकट. पानांच्या मागं तांबेरा. पानंही खरबरीत, दिवसभर त्यांच्यात वावरलं की मनगटं लाल होऊन खाजायची. कच्चं फळ तोडलं की पांढरा चीक बोटांवर यायचा, तो तर कातडी जाळायचा.

"मी एकतीस वर्षं मानसाच्या अंगातले किडे काढले," ते मला म्हणाले, "आता झाडाच्या काढून राह्यलो. माह्या नशिबात दुसरं कामच नाई का?"

पण उन्हाळ्याची फळं आली की ते हे विसरायचे. मार्च-एप्रिलचं अंजीर जांभळट, मऊ, मधासारखं. टोपलीत अंजिराचीच पानं अंथरून ते स्वतः मलकापूरला नेऊन विकायचे. आधी एक फोडून गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि मगच तोलायचे.

पावसाळ्याचा बहार मात्र नासका. फळ पाणचट, आंबट आणि त्यावर फळमाशी. माशी कातडीखाली अंडी घालते, बाहेरून टिपकाही दिसत नाही. फळ मऊ पडतं, गळतं, उघडलं तर आत गुलाबी गर आणि बियांमध्ये दहा-बारा बारीक पांढऱ्या अळ्या. काही तर उडी मारतात. रोज सकाळी झाडांखाली पन्नास-शंभर फळं पडलेली. त्यांवर मुंगळे, घोंघावणाऱ्या माश्या आणि ताडीसारखा आंबूस वास. कृषी सहायकानं सांगितलं होतं की पडलेलं एकही फळ ठेवायचं नाही, रोज वेचायचं, हातभर खोल खड्डा खणून चुना टाकून पुरायचं, नाहीतर माशी दुप्पट होईल. तर जानराव रोज वेचायचे, रोज खड्डा खणायचे. पासष्टीला आलेला माणूस. श्रावणातल्या चिखलात त्यांची कंबर गेली.

तेव्हा गोकुळ आला. म्हणाला, "काका, रोज गड्डे कायले खांदता? मले द्या ना पडलेले. गांडूळखताचा प्लांट टाकला हाये हायवेकडं. माहा मानूस येऊन घेऊन जाईन."

जानरावांना सुटल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवसापासून वडनेर भोलजीच्या बाजूनं एक छोटा टेम्पो यायला लागला. स्वच्छ धुतलेले क्रेट घेऊन यायचा आणि पडलेली फळं घेऊन जायचा. दोन-चार दिवसांनी टेम्पोवाला म्हणाला, "बाबा, जास्त सडेल असतीन ते येगळे ठेवा. ते नको म्हनते साहेब." जानराव क्षणभर थांबले. गांडुळाला जास्त सडलेलं आणि कमी सडलेलं यात काय फरक? पण पाऊस पडत होता, कंबर दुखत होती. त्यांनी वेगळी ठेवायला सुरुवात केली. अशी दोन पावसाळ्यांची फळं गेली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मंजुश्रीनं चिखलीत घर बांधलं. गृहप्रवेशाला आम्ही सगळे गेलो. भंतेजींनी वंदना घेतली, जेवणं झाली, पाहुणे पुढच्या खोलीत बसले. मंजुश्रीनं आतून चार मोठे डबे आणले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "बाबा, तुमच्यासाठी गंमत आहे," असं म्हणून तिनं एक डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. बाकीचे तीन फिरायला लागले.

आत अंजीर रोल होते, वर पिस्त्याची पूड. डब्याच्या झाकणावर फोटो होता. पोती नेसलेली झाडं, पहाटेचा धूर आणि मध्ये जानराव. खाली लिहिलेलं, 'वऱ्हाडच्या मातीतलं, हातानं वेचलेलं'.

"बाजारात एका दुकानात दिसलं मले," मंजुश्री सांगत होती. "म्हटलं, हे तर आपलंच शेत. तुम्ही सांगितलं पण नाही, बाबा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे दोन रोल खाऊन झाले होते, तिसरा हातात होता. चांगला गोड होता. जानराव झाकणाकडे पाहत होते. त्यांनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. तिथं गोकुळचं नाव होतं.

"म्या त गोकुळले चांगलं एकबी फळ देलं नाई," ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. "फक्त पडलेले देल्ले."

मला लगेच कळलं नाही. त्यांनी एक रोल मोडला, दात कोरायची काडी मागून घेतली आणि झाकणाच्या उलट्या बाजूवर तो गर पातळ पसरायला लागले. दवाखान्यात जखम तपासायचे तसेच, घाई न करता. बियांमधून त्यांनी काडीनं एक बाजूला काढलं. मग दुसरं. तांदळाच्या कण्यांएवढं, शिजून पिवळट झालेलं, एका टोकाला काळा ठिपका.

"भाऊ," ते म्हणाले, "हातातलं खाली ठेवा."

त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुलीच्या घरातला पहिला दिवस होता. उठून प्रत्येकाच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "यात खडा निघाला, दात पडन कोनाचा." एका बाईनं रोल आधीच पोराला भरवला होता. तिच्याकडे त्यांना पाहवलं नाही. डबे घेऊन ते मागच्या अंगणात गेले, मीही गेलो. नव्या घराच्या नव्या नळावर आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून ओकलो. माझं पोट रिकामं झालं तरी थांबेना. एकतीस वर्षं ते एकटे काय करत होते, ते मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जीपनं हायवेकडच्या गोकुळच्या शेडवर गेलो. पत्र्याचं शेड, समोर मोकळं अंगण. अंगणात ताडपत्र्यांवर फाकलेली अंजिरं वाळत घातलेली. माश्या इतक्या की ताडपत्री काळी दिसत होती. एक कुत्रं मधोमध पाय ठेवत निघून गेलं, कुणी हाकललंही नाही. आत चार बाया तोंडाला पदर बांधून फळं चिरत होत्या. किडका भाग सुरीनं खरवडायचा, फार वळवळलं तर बोटानं उडवायचं आणि फळ टोपलीत टाकायचं. कोपऱ्यातल्या खोलीत गंधक जाळत होते, त्याची धुरी दिली की सगळ्या फळांना एकसारखा रंग येतो म्हणे. सडक्या फळाचा आणि गंधकाचा असा काही वास एकत्र होता की डोळ्यांतून पाणी आलं. गांडूळखताचा प्लांट कुठंच नव्हता.

एका बाईनं जानरावांना ओळखलं. तिच्या नवऱ्याच्या पायाची जखम त्यांनी वर्षभर धुतली होती. बेबीताई नाव. तिनं पदर खाली केला. "तुमी इथं कायले आले, दादा?"

"तुमी खाता का हे?" जानरावांनी विचारलं.

"नाई बापा," ती म्हणाली. "लेकराईलेबी हात लावू देत नाई."

गोकुळ बाहेर आला. बुटांना चिखल लागू नये म्हणून विटांवरून चालत. वाकून नमस्कार केला. "काका, फोन करायचा ना, गाडी पाठवली असती."

"तू गांडूळखत म्हनला होता."

"हाव, म्हणलो होतो. पण मग विचार केला, एवढा माल वाया कायले जाऊ द्याचा?" तो अजिबात ओशाळला नव्हता. "काका, साफ करतो आम्ही. धुरी देतो, उकळतो, साखर टाकतो. उकळल्यावर काय राहते त्यात? सगळं सारखंच. लोकं खाऊन राह्यले, कोणी बिमार पडलं का? तुमचा फोटो लावला, तुमचं नाव झालं. पुढच्या वर्षी तुमालेच पुढं करतो, बाप्पा. पार्टनर म्हणून."

जानरावांनी ताडपत्रीवरचं एक अंजीर उचललं आणि गोकुळपुढं धरलं. "हे खा."

"मी गोड खात नाही, काका," गोकुळ हसून म्हणाला.

परतताना आम्ही उत्तमरावांना भेटलो. ते शेतातच होते. सगळं ऐकून घेतलं, एकदाही मान वर केली नाही. मग म्हणाले, "जानराव, तुमाले सांगतो, उंबर फोडून केंबरं काढू नये. जगात सगळंच असं हाये. पोरानं चार बायांना काम देलं. तुमचे सडके फळं तुमी देले, त्यानं घेतले. आता कोनाची चूक काढता?"

"आमच्या घरचं पानी तुमाले चाललं नाई, उत्तमराव," जानराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमच्या झाडाखालचे किडे चालले."

उत्तमराव बैलांकडे वळले.

जानरावांनी अन्न-औषध खात्याकडे अर्ज केला. मीच लिहून दिला. तपासणीला माणसं आली तोवर शेड चुन्यानं रंगवलेलं होतं, ताडपत्र्या नव्या, बायांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. त्यांनी नमुने नेले. त्याचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. गावात निराळीच चर्चा. एक म्हणाला, जानरावला भाव कमी मिळाला म्हणून बोंबलतो. दुसरा म्हणाला, दवाखान्यात राहून डोकं गेलं, सगळीकडं किडेच दिसतात. हे ऐकून मला संताप यायचा. जानरावांना संताप नाही, शिसारी यायची. "यायले सांगतलं तरी खातेत," ते म्हणायचे. "सांगतल्यावरबी."

त्या वर्षीचा बहार लांबला होता, कार्तिक संपत आला तरी झाडांखाली थोडी फळं पडत होती. एका सकाळी त्यांनी एक क्रेट भरून पडलेली फळं घेतली, डोक्यावर ठेवली आणि सरळ उत्तमरावांच्या घरी गेले. मी मागं मागं. त्यांच्या ओसरीवर जानराव जन्मात पहिल्यांदा चढले. क्रेट मधोमध ठेवला. माश्यांचा थवा क्रेटबरोबर आत आला.

उत्तमरावांच्या बायको, गीताबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि नाकाला पदर लावून थबकल्या. "हे काय आनलं, जानराव? उचला पयले."

"तुमच्या गोकुळच्या कारखान्याचा माल हाये, बाई. याचेच रोल होतेत."

"कायचे रोल?"

जानरावांनी एक फळ घेतलं आणि त्यांच्यासमोर दोन भागांत उघडलं. उन्हाचा तुकडा ओसरीवर पडला होता, त्यात सगळं स्वच्छ दिसलं. गर हलत होता.

गीताबाईंनी ते पाहिलं. मग त्या मागं वळल्या आणि दाराकडे बघू लागल्या. दारात त्यांची सून पुष्पांजली उभी होती. सातवा महिना असावा. तिच्या हातात बशी होती आणि बशीत दोन रोल. रक्त वाढावं म्हणून गीताबाई तिला रोज सकाळी दोन रोल स्वतःच्या हातानं देत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. गोकुळनंच घरी डबे आणून ठेवले होते. आईनं देव्हाऱ्याजवळ मांडले होते.

गोकुळ आतून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू पहिल्यांदा गेलेलं मी पाहिलं.

"हेच का?" गीताबाईंनी विचारलं.

त्यानं क्रेटकडे पाहिलं, मग बशीकडे.

"गोकुळ, मी इचारून राह्यली. हिच्या पोटात गेलं ते हेच का?"

"आई, घरचा माल वेगळा असते," तो म्हणाला. पण ते इतकं उशिरा म्हणाला की पुष्पांजलीच्या हातातली बशी आधीच खाली पडली होती. ती भिंतीला धरून बसली आणि तिला जी ओकारी सुरू झाली ती थांबेना. गीताबाईंनी तिची पाठ चोळली, पाणी दिलं. मग आत जाऊन सगळे डबे आणले आणि एकेक करून उकिरड्यावर फेकले. लेकाकडे पाहिलंही नाही. उत्तमराव खाटेवर बसून होते. आम्ही क्रेट उचलून निघालो तेव्हा त्यांनी फक्त एवढं केलं की आमच्या वाटेतले पाय बाजूला घेतले.

रस्त्यात जानराव मला म्हणाले, "मले बरं वाटाले पायजे होतं ना, भाऊ? नाई वाटलं. त्या पोरीले पाहून नाई वाटलं."

मी म्हटलं, तुमची काय चूक? तुम्हाला खोटं सांगितलं त्यानं.

"खोटं सांगतलं, हाव. पन चांगले-सडके येगळे करा म्हनला तवाच मले वास आला होता. म्या नाक फिरवलं. दवाखान्यात कधी फिरवलं नाई. घरच्या कामाले फिरवलं." थोडं चालून परत म्हणाले, "मले माहीच शिसारी येते, भाऊ." आणि क्रेट डोक्यावरून उतरवून त्यांनी तिथंच रस्त्याकडेला खणायला सुरुवात केली. हातात काही नव्हतं. दगडानं खणत होते. मी शेतातून कुदळ आणली.

शेडमध्ये अंजिराचं काम बंद झालं. गीताबाईंनी मुलाशी अबोला धरला, त्याचा परिणाम अर्जापेक्षा जास्त झाला. गोकुळ आता कच्च्या पपईची टुटीफ्रुटी करतो. बेबीताई तिथंच कामाला आहे. उत्तमरावांनी बांधावर तारेचं कुंपण घातलं, त्यामुळे बांधावरची पायवाट बंद झाली आणि जानरावांना विहिरीकडे लांबून जावं लागतं. पुष्पांजलीला मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. त्या मार्चमध्ये गीताबाई एकदा कुंपणापलीकडे येऊन उभ्या राहिल्या आणि ताजी अंजिरं मागितली. जानरावांनी तारांमधून टोपली दिली. त्यांनी तिथंच उभं राहून एकेक अंजीर फोडलं, आत पाहिलं आणि मगच ओटीत घेतलं. माझ्या मनात आलं, हा अपमान झाला. जानरावांना तसं वाटलं नाही. "पाहून घ्या," ते म्हणाले, "सगळ्यायनं असंच पाहून घ्याले पायजे."

स्वतः मात्र त्यांनी अंजीर खाणं सोडलं. सिंधूताईंनी एकदा कच्चं अंजीर उकडून पाहिलं, एकदा लोणचं घातलं. त्यांनी ताट सरकवलं.

यंदा जुलैत मी गेलो तेव्हा ते झाडांत होते. पावसाळ्याची फळं नुकती धरली होती, गोट्यांएवढी, हिरवी, टणक. जानराव फांदीमागून फांदी घेऊन ती सगळी खुडत होते. पावसाळ्याचा बहार आता घ्यायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. फळच नसलं तर माशी येणार नाही, पडणार नाही, कुणी न्यायला येणार नाही. उन्हाळ्याचा एकच बहार घेतात. बागेच्या कडेला खड्डा तयार होता, चुन्याची पिशवी बाजूला.

मीही एका झाडाशी उभा राहिलो. दोघांनी मिळून दुपारपर्यंत सत्तर झाडं रिकामी केली. एवढी चांगली दिसणारी फळं, हात अडखळत होता. मी विचारलं, "वाईट वाटत नाही, तोडताना?"

"नाई," जानराव म्हणाले. त्यांच्या मोज्याचं बोट फाटलं होतं, त्यातून चीक आत गेला होता. ते बोट पँटीला घासत ते पुढच्या झाडाकडे वळले. "हात खाजवते फक्त."